शत्रूच्या छावणीत मुलांना वाढवणाऱ्या महाराणी येसूबाई

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला निघालं की दौलताबादच्या पुढे खुलताबाद लागतं. इथं औरंगजेबाची कबर आहे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण १७०७ साली याच कबरीवर छत्रपती संभाजी महाराजांचे चिरंजीव शाहूराजे अनवाणी पायांनी गेले होते, असं इतिहासकार सांगतात.

ज्या बादशहाने वडिलांना हालहाल करून मारलं, त्याच्या कबरीवर मुलगा का जाईल?

याचं उत्तर शाहूंच्या लहानपणात आहे. वयाच्या सातव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत ते औरंगजेबाच्या छावणीत कैदेत होते. त्यांच्यासोबत होत्या त्यांच्या आई, महाराणी येसूबाई. संभाजी महाराजांच्या बलिदानानंतर आपल्याकडच्या सिनेमा-मालिकांची गोष्ट संपते. येसूबाईंची खरी परीक्षा मात्र तिथून पुढे सुरू झाली आणि ती जवळपास तीस वर्षं चालली.

शृंगारपूरची लेक, रायगडाची सून

येसूबाई कोकणातल्या शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्क्यांच्या कन्या. त्यांचे भाऊ गणोजी शिर्के यांना शिवाजी महाराजांची मुलगी राजकुंवर दिलेली होती. म्हणजे दोन्ही घरांत दुहेरी सोयरीक होती.

संभाजी महाराज वर्षातले कित्येक महिने मोहिमेवर असायचे. अशा वेळी रायगडावरचा कारभार येसूबाई पाहायच्या. त्यांचा स्वतंत्र शिक्का होता. थोरली मुलगी भवानीबाई आणि त्यानंतर १८ मे १६८२ रोजी रायगडाजवळ गांगवली इथं झालेला मुलगा, असा त्यांचा संसार होता. मुलाचं मूळ नाव आजोबांवरून शिवाजी ठेवलं होतं. पुढे तो शाहू या नावानेच ओळखला गेला.

गादीवर मुलगा नाही, दीर

१ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरला संभाजी महाराज पकडले गेले आणि ११ मार्चला त्यांची हत्या झाली. शाहू तेव्हा सात वर्षांचेही नव्हते.

रिवाजाप्रमाणे गादी त्यांचीच होती. मुलाला गादीवर बसवून त्याच्या नावाने राज्य चालवणं येसूबाईंना सहज शक्य होतं. त्यांनी तसं केलं नाही. १९ वर्षांचे धाकटे दीर राजाराम महाराज यांना पुढे करण्याचा निर्णय त्यांनी घेतला.

थोड्याच दिवसांत मुघल सरदार इतिकादखानाने (म्हणजे पुढचा जुल्फिकारखान) रायगडाला वेढा घातला. सगळं राजघराणं एकाच गडावर सापडलं असतं, तर स्वराज्याला राजाच उरला नसता. म्हणून राजाराम महाराज ५ एप्रिलला गडाबाहेर पडले आणि पुढे दूरच्या जिंजीपर्यंत पोहोचले. येसूबाई मात्र मुलाला घेऊन गडावरच राहिल्या. त्यांनी सुमारे आठ महिने रायगड लढवला. अखेर नोव्हेंबर १६८९ मध्ये गड पडला.

येसूबाई, शाहू, शिवाजी महाराजांच्या पत्नी सकवारबाई आणि घराण्यातली इतर माणसं मुघलांच्या हाती लागली. त्यात संभाजी महाराजांचा आणखी एक मुलगा होता, मदनसिंग. हा येसूबाईंच्या पोटचा नव्हता, पण शाहूंसोबत तोही याच कैदेत मोठा झाला.

घर म्हणजे तंबू, अंगण म्हणजे छावणी

कैद म्हटलं की अंधारकोठडी डोळ्यांसमोर येते. इथला प्रकार वेगळा होता. औरंगजेबाने सात वर्षांच्या शाहूंना राजा हा किताब आणि सात हजारी मनसब दिली. कागदोपत्री ते मोठे सरदार झाले. प्रत्यक्षात त्यांचा मुक्काम बादशहाच्या खास तंबूंभोवतीच्या कनातीत, म्हणजे गुलालबारात, कडक पहाऱ्यात असायचा.

या दिलदारीमागे राजकारण होतं. मराठ्यांचा वारस हाताशी असेल, तर वेळ येईल तेव्हा त्याचा मोहरा म्हणून वापर करता येईल, हे बादशहाला ठाऊक होतं.

शिवाय ही छावणी एका जागी थांबणारी नव्हती. १६९५ मध्ये जेमेली करेरी नावाच्या इटालियन प्रवाशाने कृष्णाकाठच्या गलगले इथं ती पाहिली. त्याच्या अंदाजाने तिथं पाच लाख माणसं, ५० हजार उंट, तीन हजार हत्ती आणि अडीचशे बाजार होते. हा आकडा फुगवलेला आहे असं धरलं, तरी ते एक चालतंफिरतं शहरच होतं. त्याच वर्षापासून १६९९ पर्यंत बादशहाचा तळ भीमेकाठी ब्रह्मपुरीला पडला. त्यानंतर सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड अशा एकेका किल्ल्याच्या वेढ्यासाठी बादशहा फिरत राहिला.

शिवरायांचा नातू शिवरायांचेच किल्ले पडताना पाहत होता, आणि तेही वेढा घालणाऱ्यांच्या बाजूने. रायगडावर ज्या वयात तो घोड्यावर बसायला, फड पाहायला शिकला असता, त्या वयात त्याच्या कानावर फारसी दरबारी बोली पडत होती. आपण कोण, आपलं घराणं कोणतं, आपली भाषा आणि चालीरीती कोणत्या, हे त्याला रोजच्या रोज सांगणारी माणसं मोजकीच होती. त्यात सगळ्यात जवळची होती आई.

ताटातल्या अन्नाचा प्रश्न

घरातली ही लढाई किती बारीक गोष्टींवर चालायची, त्याचं एक उदाहरण मुघल दरबाराच्या बातमीपत्रांत सापडतं.

१७०० च्या सुमारास शाहूंची तब्येत उतरली आणि अंग पिवळं पडलं. चौकशी केल्यावर कळलं की ते शिजवलेलं अन्न खातच नव्हते. कैदेत असलेल्या हिंदूने शिजवलेलं अन्न घ्यायचं नाही, या समजुतीने ते फळं आणि मिठाई यांवरच दिवस काढत होते. बादशहाने हमीदुद्दीनखानाकरवी निरोप धाडला. तुम्ही कैदेत नसून स्वतःच्या घरीच आहात, तेव्हा जेवत चला, असा त्याचा मतलब होता.

शाहू तेव्हा १८ वर्षांचे होते. सात हजारी मनसब आणि राजा हा किताब मिळूनही आपण कैदी आहोत हे ते विसरले नव्हते. अकरा वर्षं शत्रूच्या घरात वाढलेल्या मुलाने हे लक्षात ठेवलं, ही साधी गोष्ट नाही.

मकबऱ्यातल्या राणीची लेक

या काळात येसूबाईंना एक आधार मिळाला आणि तो अनपेक्षित ठिकाणाहून आला. औरंगजेबाची मुलगी जीनतुन्निसा बेगम हिने शाहू आणि येसूबाईंकडे मायेने लक्ष दिलं.

जीनतुन्निसा ही दिलरस बानूची मुलगी. संभाजीनगरचा बीबी का मकबरा याच दिलरस बानूसाठी उभा राहिला. मुलाच्या जन्मानंतर महिनाभरातच, १६५७ मध्ये, ती इथं वारली, तेव्हा जीनतुन्निसा १४ वर्षांची होती. तिने लग्न केलं नाही आणि म्हातारपणी बापाची सगळी काळजी तीच घ्यायची. छावणीतल्या जनानखान्यात तिच्या शब्दाला वजन होतं. शाहूंनी पुढेही तिच्याविषयी आदर बाळगला.

धर्म बदलण्याचा पेच

१७०३ मध्ये सगळ्यात कठीण प्रसंग आला. शाहूंनी इस्लाम स्वीकारावा, असा आग्रह बादशहाने धरला. त्यांनी नकार दिला. अखेर शाहूंच्या ऐवजी सरसेनापती प्रतापराव गुजरांचे मुलगे खंडेराव आणि जगजीवन यांनी धर्मांतर केलं आणि शाहू वाचले. स्वराज्यासाठी बापाने जीव दिला होता, आता मुलांनी धर्म दिला.

त्याच वर्षी शाहूंना सोडून मराठ्यांशी तह करण्याची बोलणीही झाली, पण ती फिसकटली. छावणीतच शाहूंची लग्नं लागली. एक मुलगी सिंदखेडच्या जाधवांची, दुसरी कण्हेरखेडच्या शिंद्यांची. म्हणजे येसूबाई सासू झाल्या, त्याही तंबूतच.

महाराणीच्या डोक्यावर कर्ज

बादशहा दूर मोहिमेवर गेला की कैद्यांच्या खर्चाकडे कोण बघणार? कैदेच्या शेवटच्या वर्षांत येसूबाई अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) असताना हीच वेळ आली. खर्चाला पैसे उरले नाहीत आणि कर्ज झालं. तेव्हा त्यांनी चिंचवडच्या देवांना पत्र लिहून आपली अडचण कळवली आणि मदत मागितली.

एकेकाळी स्वतःच्या शिक्क्याने राज्याचे कागद काढणाऱ्या महाराणीला घर चालवण्यासाठी हात पसरावा लागला. किताब आणि मनसबीच्या झगमगाटामागचं रोजचं जगणं कसं होतं, ते या एका पत्रातून कळतं.

मुलगा सुटला, आई ओलीस राहिली

३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरजवळ औरंगजेब वारला आणि त्याला खुलताबादला दफन केलं गेलं. गादीसाठी मुलांमध्ये लढाई जुंपली. दिलरस बानूचा मुलगा आझमशाह फौज घेऊन उत्तरेकडे निघाला. त्याने मराठा कैद्यांनाही सोबत नेलं.

पण आपण उत्तरेत गुंतलो की दख्खनमध्ये महाराणी ताराबाईंचं बळ वाढणार, ही भीती त्याला होती. शाहूंना सोडलं, तर मराठ्यांच्या गादीला दोन दावेदार होतील आणि ते आपसात लढतील, असा सल्ला जुल्फिकारखानाने दिला. मे महिन्यात भोपाळजवळ दोराहा इथं शाहूंना जाऊ दिलं गेलं.

त्यांनी शब्द फिरवू नये म्हणून ओलीस ठेवण्यात आलं येसूबाईंना. शाहूंची पत्नी आणि मदनसिंग हेही मागेच राहिले. ज्या मुलाला १७ वर्षं जपलं, तो स्वराज्याकडे निघाला आणि आई उलट्या दिशेने दिल्लीकडे. पुढच्याच महिन्यात आझमशाह जाजऊच्या लढाईत मारला गेला. आता येसूबाई नव्या बादशहाच्या कैदी झाल्या.

पारदची आई

परतीच्या वाटेवर शाहूंनी खुलताबादची कबर गाठल्याचं सांगितलं जातं. ज्याने बाप मारला, त्याच्याच सावलीत वाढलेल्या मुलाच्या मनात काय गुंता असेल, याचा अंदाजच करता येतो.

याच सुमारास औरंगाबाद परिसरातल्या पारद गावात गावच्या लोखंडे पाटलाने शाहूंच्या माणसांना अडवलं. चकमक झाली आणि पाटील मारला गेला. तेव्हा त्याच्या विधवेने आपलं लहान मूल आणून शाहूंच्या पायावर घातलं. शाहूंनी ते मूल स्वतःकडे ठेवून घेतलं. स्वराज्यात पाऊल टाकल्यावर मिळालेली ही पहिली फत्ते म्हणून त्याचं नाव फत्तेसिंग ठेवलं आणि मुलासारखं वाढवलं. अक्कलकोटचं भोसले घराणं याच फत्तेसिंगापासून सुरू झालं.

बाप मारला गेलेलं पोर मारणाऱ्याच्याच घरात वाढणं म्हणजे काय, हे शाहूंइतकं दुसऱ्या कोणत्या राजाला माहीत असणार?

पुढची वाट सोपी नव्हती. हा शाहू नसून तोतया आहे, असा प्रचार ताराबाईंच्या बाजूने झाला. पोराची ओळख छातीठोकपणे पटवून देऊ शकणारी आई दिल्लीत अडकली होती. खंडो बल्लाळ चिटणीसांनी येऊन खात्री करून घेतली आणि मग धनाजी जाधवांसारखे सेनापती शाहूंना मिळाले. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात राज्याभिषेक झाला. तो पाहायला येसूबाई नव्हत्या.

सनदांसोबत परतलेली आई

यानंतर बारा वर्षं येसूबाई कैदेतच होत्या. दिल्लीच्या तख्तावर बादशहा बदलत गेले. संधी आली १७१८ मध्ये. दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेन अलीला बादशहा फर्रुखसियरविरुद्ध मराठ्यांची मदत हवी होती. शाहूंनी अटी घातल्या, त्यात स्वराज्याची मान्यता आणि दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई-सरदेशमुखी होती. आपली आई आणि घरची माणसं परत मिळावीत, ही अटही होती.

पेशवे बाळाजी विश्वनाथ फौज घेऊन हुसेन अलीसोबत दिल्लीला गेले. तरुण बाजीरावही सोबत होते. फेब्रुवारी १७१९ मध्ये फर्रुखसियर पदच्युत झाला, मार्चमध्ये सनदा हाती पडल्या आणि जुलैच्या सुरुवातीला काफिला साताऱ्याला पोहोचला.

रायगड सोडताना शाहू सात वर्षांचे होते, दोराहाला निरोप घेताना पंचविशीत होते आणि आता ३७ वर्षांचे छत्रपती होते. येसूबाईंची कैद जवळपास तीस वर्षांची झाली होती. मदनसिंगही त्यांच्यासोबत परत आला.

येसूबाईंनी उरलेलं आयुष्य साताऱ्यात मुलाजवळ काढलं. १७३० च्या सुमारास त्यांचं निधन झालं. संगम माहुली इथं त्यांची समाधी आहे.

शाहूंनी १७४९ पर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ राज्य केलं. ते लढवय्ये नव्हते, मऊ स्वभावाचे होते, मुघलांविषयी त्यांना ओलावा होता, अशी टीका त्यांच्यावर होते आणि त्यात तथ्यही आहे. छावणीने त्यांना घडवलंच. पण माणसं ओळखून त्यांना मोकळा हात देणारा हाच छत्रपती होता आणि मराठे उत्तरेत पसरले ते त्याच्याच काळात.

बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून ज्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या सनदा आणल्या, त्यातला एक सुभा औरंगाबादचा होता. आज ते शहर येसूबाईंच्या पतीच्या नावाने ओळखलं जातं.