पॉली उम्रीगर

पहलान रतनजी उम्रीगर ऊर्फ पॉली उम्रीगर (जन्म : २८ मार्च १९२६, सोलापूर, मृत्यू : ७ नोव्हेंबर २००६, मुंबई) हे भारताचे कसोटी क्रिकेट खेळाडू, कर्णधार, व्यवस्थापक व निवडसमितीचे अध्यक्ष होते. उजव्या हाताचे आक्रमक फलंदाज, ऑफस्पिन व ऑफकटर टाकणारे उपयुक्त गोलंदाज आणि भरवशाचे क्षेत्ररक्षक म्हणून ते ओळखले जात. कसोटीत द्विशतक झळकावणारे ते पहिले भारतीय फलंदाज होत. इ.स. १९६२ मध्ये वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या मेंदूवर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली, तेव्हा त्यांना रक्त देणाऱ्यांपैकी उम्रीगर एक होते. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत त्यांनी आपल्या कारकिर्दीतील सर्वोत्कृष्ट अष्टपैलू खेळ केला.

पूर्वायुष्य

उम्रीगर यांचा जन्म सोलापूर येथील पारशी कुटुंबात झाला. त्यांच्या वडिलांचा कापडाचा व्यवसाय होता. पॉली शाळेत असताना कुटुंब मुंबईस स्थलांतरित झाले. मुंबईतील सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले व मुंबई विद्यापीठाच्या क्रिकेट संघाचे नेतृत्वही त्यांनी केले. त्या काळी मुंबईत भरणाऱ्या पंचरंगी सामन्यांत वयाच्या अठराव्या वर्षी ते पारशी संघाकडून खेळले. इ.स. १९४८ मध्ये भारतात आलेल्या वेस्ट इंडीज संघाविरुद्ध संयुक्त विद्यापीठांच्या संघाकडून त्यांनी नाबाद ११५ धावा केल्या. या खेळीमुळे त्यांची कसोटी संघात निवड झाली आणि डिसेंबर १९४८ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर त्यांनी कसोटी पदार्पण केले.

कसोटी कारकीर्द

कसोटी संघात स्थिर होण्यास उम्रीगर यांना काही काळ लागला. फेब्रुवारी १९५२ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या मद्रास कसोटीत, हेमू अधिकारी जायबंदी झाल्याने, त्यांना ऐनवेळी संघात स्थान मिळाले. त्या सामन्यात त्यांनी नाबाद १३० धावा केल्या आणि भारताने एक डाव व ८ धावांनी विजय मिळवला. भारताचा हा पहिलाच कसोटी विजय होता.

त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यात मात्र त्यांची कठोर परीक्षा झाली. फ्रेड ट्रूमन यांच्या वेगवान माऱ्यापुढे कसोटींच्या सात डावांत त्यांना केवळ ४३ धावा करता आल्या. याच दौऱ्यात इतर सामन्यांत त्यांनी तीन द्विशतके केली होती. त्यामुळे वेगवान गोलंदाजीसमोर ते टिकत नाहीत, अशी टीका त्यांच्यावर दीर्घकाळ होत राहिली. इ.स. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्यांनी पोर्ट ऑफ स्पेन व किंग्स्टन येथे शतके काढून मालिकेत एकूण ५६० धावा केल्या. उंच व जोरकस फटक्यांमुळे ते कॅरिबियन प्रेक्षकांचे आवडते खेळाडू झाले.

नोव्हेंबर १९५५ मध्ये न्यू झीलंडविरुद्ध हैदराबाद येथे त्यांनी २२३ धावा केल्या. कसोटी क्रिकेटमधील हे पहिले भारतीय द्विशतक होय. डिसेंबर १९५९ मध्ये कानपूर येथे भारताने ऑस्ट्रेलियावर पहिला कसोटी विजय मिळवला. त्या सामन्यात जसू पटेल यांनी १४ बळी घेतले, तर उम्रीगर यांनी दुसऱ्या डावात २७ धावांत ४ बळी घेऊन त्यांना मोलाची साथ दिली. इ.स. १९६०-६१ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेत त्यांनी तीन शतके झळकावली.

कर्णधारपद

इ.स. १९५५-५६ च्या न्यू झीलंडविरुद्धच्या मालिकेत दुसऱ्या कसोटीपासून उम्रीगर यांच्याकडे कर्णधारपद आले. त्यांनी एकूण ८ कसोटींत भारताचे नेतृत्व केले. त्यांपैकी दोन सामने भारताने जिंकले. दोन्ही विजय न्यू झीलंडविरुद्धचे होते. याच मालिकेतील दिल्ली कसोटीत, त्यांच्या नेतृत्वाखाली, दोन तरुणांनी कसोटी पदार्पण केले : गोध्रा येथे जन्मलेले डावखुरे सलामीवीर नरी कॉन्ट्रॅक्टर आणि बापू नाडकर्णी. सहा वर्षांनंतर हे तिघे एका रुग्णालयात वेगळ्याच प्रसंगाने एकत्र आले.

इ.स. १९५८-५९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या मद्रास कसोटीसाठी उम्रीगर यांची पुन्हा कर्णधारपदी नेमणूक झाली. परंतु संघनिवडीवरून क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षांशी मतभेद झाल्याने त्यांनी सामन्याच्या पूर्वसंध्येला राजीनामा दिला. त्या मालिकेत भारताचे चार कर्णधार झाले. यानंतर उम्रीगर यांनी कसोटीत पुन्हा नेतृत्व केले नाही. इ.स. १९६०-६१ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, कॉन्ट्रॅक्टर कर्णधार झाले. ज्याचे पदार्पण आपल्या नेतृत्वाखाली झाले, त्याच्या हाताखाली उम्रीगर ज्येष्ठ खेळाडू म्हणून खेळू लागले. इ.स. १९६१-६२ मध्ये भारताने इंग्लंडविरुद्धची मालिका २-० अशी जिंकली. इंग्लंडविरुद्ध भारताचा तो पहिला मालिका-विजय होता.

ब्रिजटाऊन येथील दुर्घटना

हा विजय मिळवून संघ लगेचच वेस्ट इंडीजला गेला. पहिल्या दोन्ही कसोटी गमावल्यानंतर संघ बार्बाडोस बेटावर आला. १७ मार्च १९६२ रोजी ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर बार्बाडोस संघाविरुद्ध खेळताना वेगवान गोलंदाज चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू कॉन्ट्रॅक्टर यांच्या उजव्या कानाच्या वरच्या बाजूस लागला. त्या काळी शिरस्त्राण वापरले जात नसे आणि त्या मैदानावर फलंदाजाच्या नजरेसमोर पांढरा पडदाही नव्हता. कॉन्ट्रॅक्टर स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले. परंतु काही वेळातच त्यांच्या नाकाकानांतून रक्त येऊ लागले व त्यांना रुग्णालयात हलवण्यात आले. याच सामन्यात विजय मांजरेकर यांच्या नाकावरही चेंडू लागला. ग्रिफिथ यांचा एक चेंडू पंचांनी फेकीचा ठरवल्याने या सामन्याची चर्चा पुढे अनेक वर्षे चालू राहिली.

कॉन्ट्रॅक्टर यांच्या कवटीला तडा गेला होता. कवटीच्या आत रक्तस्राव झाला, की साचलेल्या रक्ताला बाहेर पडण्यास वाट नसते. ते मेंदूवर दाब आणते आणि हा दाब वेळीच कमी न केल्यास रुग्ण दगावतो. मेंदूच्या शस्त्रक्रियेतील तज्ज्ञ शेजारच्या त्रिनिदाद बेटावरून येईपर्यंत थांबणे शक्य नव्हते. त्यामुळे संघाचे व्यवस्थापक गुलाम अहमद यांच्या संमतीने स्थानिक शल्यचिकित्सकाने पहिली शस्त्रक्रिया केली. तज्ज्ञ आल्यानंतर दुसरी शस्त्रक्रिया करण्यात आली. या काळात रुग्णाला मोठ्या प्रमाणावर रक्ताची गरज भासली. सर्वप्रथम रक्त दिले ते प्रतिस्पर्धी संघाचे, म्हणजे वेस्ट इंडीजचे, कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी. त्यांच्याबरोबर उम्रीगर, चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि दौऱ्यावर असलेले क्रीडा पत्रकार के. एन. प्रभू यांनीही रक्तदान केले. कॉन्ट्रॅक्टर सहा दिवस बेशुद्ध होते.

दौरा थांबला नाही. २३ मार्च रोजी त्याच शहरात तिसरी कसोटी सुरू झाली. संघाचा कर्णधार अद्याप रुग्णालयात होता. उपकर्णधार मन्सूर अली खान पतौडी यांच्याकडे नेतृत्व सोपवण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय २१ वर्षे ७७ दिवस होते आणि एका मोटार अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळपास गेल्याला वर्षही झाले नव्हते. पूर्वी कर्णधारपद भूषवलेले व वयाने चौदा वर्षांनी मोठे असलेले उम्रीगर त्यांच्या नेतृत्वाखाली खेळले. लान्स गिब्स यांनी ३८ धावांत ८ बळी घेतल्याने भारताचा डावाने पराभव झाला.

पोर्ट ऑफ स्पेन कसोटी

चौथी कसोटी ४ एप्रिलपासून पोर्ट ऑफ स्पेन येथे खेळली गेली. छत्तीस वर्षांचे उम्रीगर तेव्हा पाठदुखीने त्रस्त होते. वेस्ट इंडीजच्या पहिल्या डावात त्यांनी ५६ षटके टाकून १०७ धावांत ५ बळी घेतले. भारताच्या पहिल्या डावात त्यांनी ५६ धावा केल्या. भारताचा डाव १९७ धावांत संपला व संघावर फॉलोऑनची नामुष्की ओढवली. दुसऱ्या डावात सलीम दुराणी यांनी शतक केले. त्यानंतर उम्रीगर यांनी वेस हॉलसह सर्व गोलंदाजांवर प्रतिहल्ला चढवत सुमारे चार तासांत नाबाद १७२ धावा केल्या. भारताने ४२२ धावा उभारून वेस्ट इंडीजला पुन्हा फलंदाजी करण्यास भाग पाडले. सामना वेस्ट इंडीजने ७ गडी राखून जिंकला आणि मालिकाही ५-० अशी जिंकली. तथापि वेगवान माऱ्यापुढे उम्रीगर टिकत नाहीत, ही दहा वर्षांपूर्वीची टीका या खेळीने कायमची पुसली गेली. मालिकेत ४४५ धावा व ९ बळी घेऊन फलंदाजी आणि गोलंदाजी या दोन्हींच्या सरासरीत ते भारतीय संघात अग्रस्थानी राहिले.

किंग्स्टन येथील पाचव्या कसोटीनंतर पाठीच्या दुखण्यामुळे त्यांनी कसोटी क्रिकेटमधून निवृत्ती घेतली. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले.

कॉन्ट्रॅक्टर यांचे पुनरागमन

कॉन्ट्रॅक्टर यांच्यावर मायदेशी परतल्यावर तामिळनाडूत आणखी एक शस्त्रक्रिया झाली व कवटीत धातूची पट्टी बसवण्यात आली. ही पट्टी सुमारे साठ वर्षे त्यांच्या डोक्यात होती; २०२२ मध्ये ती काढण्यात आली. एवढ्या दुखापतीनंतर ते पुन्हा बॅट हाती घेतील, असे फार थोड्यांना वाटले होते. मात्र ते प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये परतले आणि १९७०-७१ च्या हंगामापर्यंत खेळत राहिले. कसोटी संघात त्यांना पुन्हा स्थान मिळाले नाही. त्यांची कसोटी कारकीर्द ३१ सामन्यांवरच थांबली. या दुर्घटनेबद्दल त्यांनी ग्रिफिथ यांना दोष दिला नाही. रक्तदात्यांपैकी वॉरेल यांचे १९६७ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ बंगाल क्रिकेट संघटना १९८१ पासून ३ फेब्रुवारी रोजी रक्तदान शिबिर भरवते.

निवृत्तीनंतरचे कार्य

खेळाडू म्हणून निवृत्त झाल्यावरही उम्रीगर क्रिकेटपासून दूर गेले नाहीत. इ.स. १९७५-७६ मध्ये न्यू झीलंड व वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघाचे ते व्यवस्थापक होते. या दौऱ्यात भारताने पोर्ट ऑफ स्पेन येथे चौथ्या डावात ४०६ धावा करून ऐतिहासिक विजय मिळवला. त्यापुढील किंग्स्टन कसोटीत मात्र वेगवान गोलंदाजांच्या उसळत्या चेंडूंनी अनेक भारतीय फलंदाज जखमी झाले. अंशुमन गायकवाड यांच्या कानावर चेंडू लागला व त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. दुसऱ्या डावात ९७ धावांवर ५ गडी बाद झाले असताना उर्वरित फलंदाज जखमी असल्याने भारताचा डाव तेथेच संपला. चौदा वर्षांपूर्वी ब्रिजटाऊनला सहकाऱ्यासाठी रक्त देणारे उम्रीगर या वेळी संघातील सर्व जखमींची जबाबदारी असलेल्या पदावर होते.

इ.स. १९७७-७८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातही त्यांनी संघाचे व्यवस्थापन केले. १९७८ ते १९८२ या काळात ते राष्ट्रीय निवडसमितीचे अध्यक्ष होते. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे कार्यकारी सचिव म्हणून त्यांनी काम पाहिले. मुंबईच्या वानखेडे मैदानाच्या खेळपट्टीची देखरेखही त्यांनी केली. इ.स. १९९८-९९ चा सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार त्यांना प्रदान करण्यात आला.

विक्रम

उम्रीगर ५९ कसोटी सामने खेळले. त्यांत त्यांनी १२ शतकांसह ४२.२२ च्या सरासरीने ३,६३१ धावा केल्या व ३५ बळी घेतले. निवृत्तीच्या वेळी सर्वाधिक कसोटी सामने, सर्वाधिक धावा आणि सर्वाधिक शतके हे तिन्ही भारतीय विक्रम त्यांच्या नावावर होते. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात सुनील गावसकर यांच्या पिढीने ते मागे टाकले. प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये त्यांनी ४९ शतकांसह १६,१५५ धावा केल्या व ३२५ बळी घेतले.

मृत्यू व स्मृती

अखेरच्या काळात उम्रीगर यांना लसिका ग्रंथींचा कर्करोग झाला होता व त्यावर रासायनिक उपचार चालू होते. ७ नोव्हेंबर २००६ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, मुंबई येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ भारतीय क्रिकेट नियामक मंडळ वर्षातील सर्वोत्तम भारतीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूस पॉली उम्रीगर पुरस्कार देते.