ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२ – ३१ ऑगस्ट १९७३) या भारतीय शिक्षणतज्ज्ञ, लेखिका व समाजकार्यकर्त्या होत्या. भारतातील पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या आद्य प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते. गिजुभाई बधेका यांच्या सहकारी म्हणून त्यांनी माँटेसरी पद्धतीचा प्रसार केला. पुढे त्यांनी या पद्धतीस ग्रामीण व आदिवासी बालकांच्या जीवनाशी जुळणारे, कमी खर्चाचे रूप दिले. ठाणे जिल्ह्यातील (आताचा पालघर जिल्हा) बोर्डी व कोसबाड ही त्यांच्या या कार्याची प्रमुख केंद्रे होत.

प्रारंभिक जीवन

ताराबाईंचे माहेरचे आडनाव केळकर. त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. घरातील सुधारणावादी वातावरणामुळे ताराबाईंना, त्या काळी मुलींना क्वचितच लाभणारे, उच्च शिक्षण मिळाले. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावती येथील वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मात्र हा संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या पतीपासून विभक्त झाल्या व कन्या प्रभा हिच्यासह स्वतंत्रपणे राहू लागल्या. राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज या शिक्षिका-प्रशिक्षण संस्थेचे प्राचार्यपद त्यांनी स्वीकारले.

भावनगर येथील कार्य

गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले होते. छडी, पाठांतर व धाक यांना तेथे स्थान नव्हते. गोष्टी, गाणी, नाट्य, बागकाम व इंद्रियांना वळण देणारी साधने यांतून मुले शिकत. राजकोटची प्रतिष्ठेची नोकरी सोडून ताराबाई १९२३ मध्ये या प्रयोगात सहभागी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या ‘शिक्षण पत्रिका’ या मासिकाद्वारे बालशिक्षणाचे विचार पालकांपर्यंत पोहोचविले जात. १९३३ पासून ताराबाईंनी या मासिकाची मराठी आवृत्ती संपादित केली.

दादर येथील शिशुविहार

मुंबईस परतल्यावर १९३६ मध्ये त्यांनी दादर येथे शिशुविहार ही संस्था सुरू केली. बालमंदिराबरोबरच शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचीही सोय तेथे करण्यात आली. शिशुविहारास यश मिळाले, परंतु त्याचा लाभ मुख्यतः शहरी मध्यमवर्गीय मुलांना होत होता. मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह १९०७ मध्ये रोममधील सान लोरेंझो या श्रमिकांच्या वस्तीत काढले होते. भारतात मात्र महाग साधनांमुळे ही पद्धत सुस्थित कुटुंबांपुरती मर्यादित राहिली. ती गरिबांच्या मुलांपर्यंत कशी न्यावी, हा प्रश्न ताराबाईंच्या पुढील कार्याच्या मुळाशी होता. महात्मा गांधींच्या विचारांचाही या काळात त्यांच्यावर प्रभाव पडला.

बोर्डी : अंगण बालवाडी

१९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्या वेळी त्यांचे वय ५३ वर्षांचे होते. मूळच्या पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या व पुण्यात अध्यापन केलेल्या अनुताई वाघ (१९१०–१९९२) याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या व अखेरपर्यंत त्यांच्या सहकारी राहिल्या.

केंद्राची मुख्य बालवाडी गावात भरत असे, परंतु दलित वस्तीतील मुले तेथे सहजासहजी येत नसत. गरिबी, पालकांची मजुरी, धाकट्या भावंडांना सांभाळण्याची जबाबदारी आणि अस्पृश्यतेचा दबाव ही त्यामागील कारणे होती. तेव्हा मुले शाळेत येत नसतील, तर शाळेने मुलांकडे जावे, असा मार्ग ताराबाईंनी स्वीकारला. शिक्षिका वस्तीत जाऊन एखाद्या घराच्या अंगणात किंवा झाडाखाली मुलांना जमवू लागल्या. नखे कापणे, केस विंचरणे व आंघोळ यांपासून दिवसाची सुरुवात होई. त्यानंतर गाणी, गोष्टी व खेळ होत. यालाच ‘अंगण बालवाडी’ असे नाव मिळाले. इमारत व महाग साधनसामग्री यांवाचूनही बालशिक्षण शक्य असल्याचे या प्रयोगाने दाखविले.

कोसबाड : विकासवाडी व कुरणशाळा

१९५७ मध्ये केंद्राचे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, प्रामुख्याने वारली वस्तीच्या परिसरात, हलविण्यात आले. येथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात जोडून ‘विकासवाडी’ची रचना करण्यात आली. पाळणाघरात तान्हे भावंड ठेवता येत असल्याने त्याला सांभाळणारी मोठी बहीण वर्गात बसू शकत असे.

गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ काढण्यात आली. शिक्षक मुलांबरोबर चराईच्या जागी जात आणि झाडे, पक्षी, दगड व गुरे यांच्या आधारे गणन, भाषा व निसर्गाची ओळख करून देत. मुलाच्या कामावर कुटुंबाचे पोट अवलंबून असताना शाळेचे वेळापत्रक त्याच्यावर लादू नये, असा या योजनेचा हेतू होता.

शैक्षणिक विचार

खेळ हेच बालकाचे काम असून त्यातूनच त्याची इंद्रिये, भाषा व विचारशक्ती विकसित होतात, अशी ताराबाईंची भूमिका होती. माँटेसरी साधनांमागील तत्त्व त्यांनी कायम ठेवले, परंतु साधने बदलली. चिंचोके, शिंपले, गारगोट्या, पाने, फुले, माती व बांबू यांपासून मोजणे, वर्गवारी करणे, आकार व रंग ओळखणे यांसाठी साहित्य तयार केले जाई. परिसर हाच वर्ग मानल्याने खर्च कमी झाला. शिवाय मुलाला घरचे जग व शाळेचे जग यांत तुटकपणा जाणवत नसे. स्वच्छता, आरोग्य व आहार यांना त्यांनी शिक्षणाचाच भाग मानले. शिक्षा व बक्षिसे या दोहोंनाही त्यांचा विरोध होता.

लेखन व सन्मान

बालमानस, शिस्त व पालकत्व यांवर त्यांनी मराठी व गुजराती भाषांत विपुल लेखन केले. ‘बालकांचा हट्ट’, ‘बालविकास व शिस्त’, ‘बिचारी बालके’ व ‘नदीची गोष्ट’ ही त्यांची काही पुस्तके होत. त्या मुंबई प्रांताच्या विधिमंडळाच्याही सदस्य होत्या. १९६२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. रत्नाकर मतकरी यांचे ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक त्यांच्या जीवनावर आधारित आहे.

वारसा

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. योजनेतील ‘अंगणवाडी’चे मूळ त्यांच्या अंगण बालवाडीत मानले जाते. पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा योजनेत अंतर्भूत होत्या. आदिवासी पाड्यांपासून पिंपरी-चिंचवड व चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यापर्यंत अंगणवाड्या आज कार्यरत आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ३ ते ८ वर्षे हा पायाभूत स्तर मानून खेळावर आधारित शिक्षणाचा पुरस्कार करण्यात आला आहे. कोसबाडचे कार्य ताराबाईंच्या पश्चात अनुताई वाघ यांनी पुढे चालविले.