नामदार कै. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट : ठाणे जिल्ह्याचे थोर सुपुत्र

जुईनगरच्या स्थानकावर उभ्या असलेल्या माणसास मुंबईची गाडी मिळते, तशीच ठाण्याचीही मिळते. गाडी पाच मिनिटे उशिरा आली तर आपल्या कपाळाला आठ्या पडतात. परंतु या भागात मुळात आगगाडी यावी म्हणून ज्यांनी आपली पत आणि आपला शब्द पणास लावला, त्यांचे मूळ गाव आपल्याच ठाणे जिल्ह्यातील मुरबाड, हे पुष्कळांस ठाऊक नसते. ते पुरुष म्हणजे नामदार जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे. सारी मुंबई त्यांना नाना या नावाने ओळखत असे. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी ग्रामस्थ व देणगीदार मंडळींनी सढळ हाताने साहाय्य केले असताना, पैसा कसा मिळवावा आणि कोठे घालावा हे ज्यांनी जाणले त्या नानांचे स्मरण या स्मरणिकेत होणे उचितच आहे.

नानांचे घराणे दैवज्ञ ब्राह्मणांचे. त्यांचे पूर्वज गनबाशेट हे अठराव्या शतकाच्या मध्यास कोकणपट्टीतून मुंबईस आले व व्यापारात नावारूपास चढले. मुंबईच्या कोटातील गनबाव स्ट्रीट हे नाव त्यांच्यावरूनच पडले असे सांगतात. त्यांच्यामागून बाबुलशेट व बाबुलशेटांचे चिरंजीव शंकरशेट यांनी पेढी वाढविली. शंकरशेटांच्या पोटी दि. १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाड येथे जगन्नाथाचा जन्म झाला. त्या वेळी पुण्यात पेशवाई होती. ती बुडाली तेव्हा जगन्नाथ पंधरा वर्षांचा होता. म्हणजे एक राज्य जाऊन दुसरे आलेले त्याने जाणत्या वयात पाहिले. मुलाला इंग्रजी यावे म्हणून वडिलांनी घरीच शिक्षणाची सोय केली होती. पुढे गव्हर्नरापासून न्यायाधीशापर्यंत सर्वांशी नाना बरोबरीच्या नात्याने बोलत, त्याचे मूळ या शिक्षणात आहे.

इ. स. १८२२ मध्ये शंकरशेट वारले. नानांचे वय अवघे एकोणीस. हाती आयती मोठी इस्टेट, आणि डोक्यावर वडीलधारी छाया नाही. अशा वेळी काय होते हे आपल्या भागातील लोकांना वेगळे सांगावयास नको. नवी मुंबई वसली तेव्हा भातशेती व मिठागरे गेली, मोबदल्याचा पैसा घरोघर आला. कोणी तो मुलांच्या शिक्षणाला व धंद्याला लावला, तर काही घरांत तो लग्ने आणि मोटारसायकली यांतच आटला. एकोणीस वर्षांच्या नानांनी पेढी सांभाळली, इतकेच नव्हे तर वाढविली. त्या काळी मुंबईत आजच्यासारख्या बँका नव्हत्या, बँक ऑफ बॉम्बे निघाली ती १८४० मध्ये. अरब, अफगाण व इतर परदेशी व्यापारी आपली रोकड व मौल्यवान चीजवस्तू नानांच्या पेढीवर ठेवीत. ज्याचा धर्म वेगळा, भाषा वेगळी, देश वेगळा, तो मनुष्य आपली पुंजी ज्याच्या हवाली करतो, त्याच्या सचोटीबद्दल आणखी दाखला तो कोणता हवा!

वडील गेले त्याच वर्षी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या आश्रयाने मुंबईत हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली. पुढे तीच बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झाली. मराठी मुलांसाठी छापील क्रमिक पुस्तके प्रथम या मंडळीने करविली. नाना तरुणपणापासून या कार्यात होते. एल्फिन्स्टनसाहेब १८२७ मध्ये विलायतेस परत निघाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी दोन लाखांवर रुपये जमविले. या निधीतून एल्फिन्स्टन विद्यालय उभे राहिले, आणि दादाभाई नौरोजी, डॉ. भाऊ दाजी यांच्यासारखी माणसे त्यातून बाहेर पडली. या निधीच्या कामातही नाना अग्रभागी होते.

इ. स. १८४० मध्ये शिक्षणखात्याचा कारभार पाहण्यासाठी बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमण्यात आले. त्यावर जे थोडे एतद्देशीय सभासद होते त्यांत नाना होते. बोर्ड चालू होते तोपर्यंत, म्हणजे जवळजवळ सोळा वर्षे, त्यांनी हे काम केले. येथे एक मोठा वाद झाला. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे मत असे की, वरचे शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे आणि सरकारचा पैसा मुख्यतः त्याकडे वळवावा. नानांचे म्हणणे याच्या उलट होते. इंग्रजी मूठभरांनाच शिकविता येईल, सामान्य रयतेपर्यंत ज्ञान न्यायचे तर ते तिच्या स्वतःच्या भाषेतूनच गेले पाहिजे, असे त्यांनी लेखी कळविले. त्यांच्या बाजूने कर्नल जार्व्हिस, फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहिम मकबा हे होते. म्हणजे हिंदू, पारशी, मुसलमान आणि एक इंग्रज असे चौघे मिळून देशी भाषांसाठी भांडले. विशेष असे की, नाना स्वतः उत्तम इंग्रजी जाणत होते, इंग्रजीने त्यांचे काहीच अडत नव्हते. घरात मुलांना इंग्रजी शाळेत घालून बाहेर मराठीचा अभिमान मिरविणाऱ्या आजच्या पुढाऱ्यांपेक्षा ही गोष्ट निराळी आहे.

नानांच्या आयुष्यातील सर्वांत धाडसाचे काम मुलींच्या शाळेचे. जोतीराव फुले यांनी पुण्यास मुलींची शाळा काढली ती १८४८ मध्ये. त्याच साली मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयातील तरुणांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली, आणि दुसऱ्या वर्षी, १८४९ मध्ये, मुलींच्या शाळा सुरू केल्या. हे तरुण विनावेतन शिकवावयास तयार होते. परंतु जागा कोण देणार? मुलगी शिकली तर घराण्याला बट्टा लागतो, ती विधवा होते, असे समज घट्ट रुजलेले. भाड्याने जागा मिळणे कठीण, आणि मिळाली तरी तेथे मुली पाठविणार कोण?

नानांनी आपल्या वाड्यातच जागा दिली. याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. सभेत ठरावाला हात वर करणे वेगळे, वर्गणी देणे वेगळे, आणि आपल्या घराचा दरवाजा उघडणे वेगळे. वर्गणी देणाऱ्याचे नाव वहीत राहते, पण घरात शाळा भरविणाऱ्याला रोज सकाळी जातवाल्यांच्या तोंडाकडे पाहावे लागते. नाना हे जातीतील, समाजातील मोठे प्रस्थ, देवधर्म पाळणारे, जुन्या चालीचे गृहस्थ. त्यांनी शाळेला जागा दिल्यावर सामान्य माणसाची भीती चेपली. अशा मनुष्याच्या वाड्यात मुली पाठविण्यात पाप असेल असे म्हणणार तरी कोण? ही शाळा पुढे जगन्नाथ शंकरशेट यांच्याच नावाने चालली. सतीची चाल बंद करण्याच्या सरकारी कायद्यासही याच नानांनी पाठिंबा दिला होता.

आता आगगाडीविषयी. इ. स. १८४५ मध्ये सर जमशेटजी जिजीभाई व नाना यांनी पुढाकार घेऊन इंडियन रेल्वे असोसिएशन स्थापन केली. विलायतेत ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी उभी राहिली, तेव्हा मुंबईच्या संचालकांत दोनच हिंदी गृहस्थ होते : एक जमशेटजींचे चिरंजीव कर्सेटजी व दुसरे नाना. आज रेल्वे सर्वांच्या परिचयाची आहे म्हणून यात काय मोठेसे असे वाटेल. परंतु तेव्हा लोखंडाच्या रुळांवरून वाफेच्या जोरावर गाडी पळेल, ती बैलगाडीच्या भाड्याला पुरून उरेल, निरनिराळ्या जातींचे लोक एका डब्यात बसतील, हे सांगितले तर लोक हसत होते. पैसेवाल्यांना पैसा बुडण्याचे भय होते. अशा वेळी नानांचे नाव कंपनीत आहे, एवढ्याने धीर येई.

दि. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून प्रवाशांची पहिली गाडी सुटली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित पाहुणे, साहिब, सिंध व सुलतान या नावांची तीन इंजिने, आणि निघताना एकवीस तोफांची सलामी. सुमारे ३४ किलोमीटरचे अंतर तासाभरात तोडून ती ठाण्यास पोहोचली. पुढल्याच वर्षी खाडी ओलांडून गाडी कल्याणला गेली. मात्र नानांच्या मुरबाडला पुढे दीडशे वर्षांतही रेल्वे पोहोचली नाही. जुईनगरलाही हार्बर मार्गाची गाडी येण्यास १९९० नंतरचा काळ उजाडला, आणि ठाण्याची गाडी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सुरू झाली. खाडीपलीकडचे लोक गाडीत बसू लागले तरी या बाजूच्या वाडवडिलांना होड्याच वल्हवाव्या लागल्या.

सुधारणेच्या या कामांत नानांचा देवधर्म सुटला नव्हता. ग्रँट रोडजवळ आज ज्या भागाला नाना चौक म्हणतात तेथे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस शंकरशेट घराण्याने भवानीशंकराचे मंदिर बांधले, जवळच राममंदिर आहे. नानांच्या मातोश्रींचे नाव भवानीबाई व वडिलांचे शंकरशेट, म्हणजे देवाच्या नावातच आईबापांची नावे आली. भोवती उंच इमारती झाल्या, तरी मुंबईच्या इतक्या महाग जागेत हे देऊळ टिकून आहे. देऊळ बांधणे सोपे, चार पिढ्या दिवाबत्ती चालू ठेवणे कठीण, हे विश्वस्त मंडळींना सांगावयास नको.

सोनापूरच्या स्मशानभूमीचीही हकीकत आहे. सरकारच्या मनात ती जागा हलवून शिवडीकडे न्यावयाची होती. गिरगावातील गरीब माणसाने आपले मढे खांद्यावरून इतक्या लांब कसे न्यावे, याचा विचार साहेबलोकांना नव्हता. नानांनी हरकत घेतली, अर्ज व भेटीगाठी केल्या, आणि स्मशानभूमी होती तेथेच राहिली. चरित्रकार या गोष्टीला दोनच ओळी देतात. गोरगरिबांच्या दृष्टीने पाहिले तर रेल्वेखालोखाल हेच काम मोठे ठरेल.

राजकारणात नाना जहाल नव्हते हे स्पष्ट सांगितले पाहिजे. इंग्रजी राज्य उलथावे असे त्यांनी कधी म्हटले नाही. राज्यकर्त्यांच्या दारात उभे राहून हक्क मागणारे ते गृहस्थ होते. दि. २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली व तिचे अध्यक्षपद नानांकडे आले. हिंदी लोकांना कारभारात वाटा मिळावा म्हणून या संस्थेने थेट पार्लमेंटकडे अर्ज धाडला. राष्ट्रीय सभा स्थापन होण्याच्या तेहतीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. असे असूनही १८५७ च्या उठावात त्यांच्यावर संशय घेण्यात आला. चौकशी झाली, पण त्यांच्याविरुद्ध काहीही निघाले नाही. तीस वर्षे सरकारला सल्ला दिलेल्या मनुष्याला त्या दिवसांत काय वाटले असेल ते त्याचे त्यालाच ठाऊक. त्यांनी कामे मात्र सोडली नाहीत. इ. स. १८६२ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद झाले. नामदार ही पदवी त्यांच्या नावामागे लागते ती यामुळे.

अखेरच्या वर्षांत भायखळ्याची राणीची बाग व तिच्यातील वस्तुसंग्रहालय यांसाठी डॉ. भाऊ दाजी व डॉ. बर्डवुड यांच्यासमवेत त्यांनी खटपट केली. संग्रहालयाच्या इमारतीची पायाभरणी १८६२ मध्ये झाली, परंतु ती लोकांना खुली झाली १८७२ मध्ये, नानांच्या पश्चात. अमेरिकेतील युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता व मुंबईस शेअरांचे वेड लागले होते. जुलै १८६५ मध्ये तो फुगा फुटला व मोठमोठे शेठ रस्त्यावर आले. त्याच महिन्याच्या अखेरीस, दि. ३१ जुलै १८६५ रोजी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी नाना निवर्तले. त्यांचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये बसविण्यात आला. गिरगावच्या रस्त्यालाही त्यांचे नाव आहे.

त्यांचे चिरंजीव विनायकराव यांनी वडिलांच्या स्मरणार्थ संस्कृत विषयासाठी शिष्यवृत्ती ठेवली. हीच ती शंकरशेट शिष्यवृत्ती. जुन्या मॅट्रिकच्या काळात आणि नंतर एस.एस.सी.च्या निकालातही गुणवत्ता यादीबरोबर हे नाव वर्तमानपत्रात छापून येई, आणि ज्या घरातील मुलाला वा मुलीला ती मिळे त्या घरी पेढे वाटले जात. इ. स. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ती पटकाविणारा रायगडकडचा एक मुलगा पुढे रिझर्व्ह बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर आणि देशाचा अर्थमंत्री झाला. त्याचे नाव चिंतामणराव देशमुख.