बुलडाक खाऊन आपण रील्स करतो, पण ती कंपनी पाच वॉनच्या उष्ट्या पेजेमुळे सुरू झाली होती

काळं पाकीट. आत जाड नूडल्स आणि लालभडक सॉसची पुडी. कॅमेरा चालू, पहिला घास, दुसरा घास, मग डोळ्यांत पाणी, नाक लाल आणि हात दुधाच्या ग्लासाकडे. शेवटी दहापैकी किती मार्क, ते सांगायचं.

हा व्हिडीओ तुम्ही शंभर वेळा तरी बघितला असेल. एखाद्याने स्वतः केलाही असेल. ठेचा-भाकरी खाऊन वाढलेली आपली पोरंसुद्धा बुलडाकपुढे कान लाल करून बसतात. पाकिटातल्या तिखटाचं मापही आता सगळ्यांना पाठ आहे, ४,४०४ स्कोव्हिल.

हे नूडल्स बनवणाऱ्या कंपनीचं नाव सामयांग. ही कंपनी काढणाऱ्या माणसाचं नाव मात्र या व्हिडीओंमध्ये कुणी घेत नाही. जिऑन जुंग-युन. कोरियात त्यांना इन्स्टंट नूडल्सचा, म्हणजे त्यांच्या भाषेत राम्यनचा, जनक मानतात. त्यांची गोष्टही एका घासापासूनच सुरू होते, फक्त तो घास असा होता की कुणी त्याचा व्हिडीओ केला नसता.

जिऑन यांचा जन्म १९१९ चा, गांगवोन प्रांतातल्या चोरवोन भागातला. तेव्हा कोरियावर जपानचं राज्य होतं. जपानी गेले, देशाचे दोन तुकडे झाले आणि १९५० ते १९५३ या काळात त्या दोन तुकड्यांमध्येच युद्ध पेटलं. आज नकाशा काढून बघितला तर चोरवोनच्या मधूनच उत्तर आणि दक्षिण कोरियाची सीमा जाते. म्हणजे फाळणी या माणसाच्या अंगणातूनच गेली म्हणायची.

युद्धानंतर जिऑन सेऊलमध्ये विमा व्यवसायात शिरले आणि वर चढत गेले. मोठं पद, चांगला पगार, समाजात मान. त्या काळच्या कोरियात अशी नोकरी म्हणजे पाचही बोटं तुपात. १९५९ मध्ये विम्याच्याच कामासाठी ते जपानला गेले होते. तिथे त्यांनी एक नवीन पदार्थ खाल्ला. गरम पाण्यात टाकला की काही मिनिटांत तयार होणाऱ्या शेवया. मोमोफुकु आंदो यांनी वर्षभरापूर्वीच, म्हणजे १९५८ मध्ये, हे इन्स्टंट रामेन बाजारात आणलं होतं. जिऑन यांनी खाल्लं, आवडलं आणि विषय तिथेच राहिला.

मग साठच्या दशकाच्या सुरुवातीला एक दिवस ते सेऊलच्या नामदेमुन बाजारातून चालले होते. तिथे लोकांची लांबलचक रांग लागलेली. कशासाठी? तर कुल्कुरी जुकसाठी.

जुक म्हणजे पेज. आणि कुल्कुरी म्हणजे डुक्कर, त्याच्या आवाजावरून पडलेलं नाव. डुकरांची पेज. अमेरिकी सैन्याच्या छावण्यांतून फेकलेलं उष्टं अन्न गोळा करायचं, मोठ्या भांड्यात एकत्र उकळायचं आणि पाच वॉनला वाटीभर विकायचं. जिऑन रांगेत उभे राहिले, पाच वॉन दिले आणि ती पेज खाल्ली. खाताना त्यात तुटलेलं बटण आणि सिगारेटचं थोटूक निघालं, असं ते पुढे सांगायचे.

विमा कंपनीतल्या साहेबाला हे खायची काही गरज नव्हती. पण त्यांनी खाल्लं म्हणून पुढचं सगळं घडलं. ज्या माणसाला आज पोटाला काय घालायचं याची चिंता आहे, त्याला मेल्यानंतर मिळणाऱ्या पैशांचं आश्वासन विकून काय उपयोग, हा विचार त्यांच्या डोक्यात बसला. आणि जपानमध्ये खाल्लेल्या त्या शेवया आठवल्या.

१९६१ मध्ये सामयांग कंपनी उभी राहिली होती. आता नूडल्सचं मशीन हवं होतं. मशीन जपानमध्ये आणि पैसे डॉलरमध्ये. तेव्हा दक्षिण कोरियाचं दरडोई उत्पन्न वर्षाला जेमतेम १०० डॉलरच्या आसपास होतं. परकीय चलन म्हणजे सोन्यापेक्षा दुर्मिळ. जिऑन यांनी सरकारचे उंबरे झिजवले आणि ५० हजार डॉलर मंजूर करून घेतले.

पण जपानमध्ये गेल्यावर कुणी दारात उभं करेना. जपान आणि दक्षिण कोरियात तेव्हा राजनैतिक संबंधही नव्हते, ते १९६५ मध्ये सुरू झाले. एक कोरियन माणूस येतो आणि आमच्या धंद्याचं गुपित मागतो, तर ते का द्यायचं?

अखेर भेटले म्योजो फूड्स या कंपनीचे प्रमुख, कियोसुमी ओकुई. त्यांनी ऐकून घेतलं. कोरियातल्या युद्धाच्या काळात जपानच्या कारखान्यांना भरपूर काम मिळालं होतं आणि दुसऱ्या महायुद्धात मोडलेला देश त्यावर सावरला होता. त्याची जाणीव ओकुईंना होती. त्यांनी मशीन स्वस्तात दिली आणि तंत्रज्ञानाचा एक पैसाही घेतला नाही. जिऑन म्योजोच्या कारखान्यात राहून पीठ मळण्यापासून शेवया तळण्यापर्यंत सगळं शिकले.

एक गोष्ट मात्र मिळाली नाही. सूपच्या पुडीत कोणता मसाला किती घालायचा, ते प्रमाण. कंपनीतल्या लोकांचा त्याला विरोध होता. आणि नूडल्स खाणाऱ्या कुणालाही विचारा, खरी जान त्या पुडीतच असते.

जिऑन परत निघाले. विमानतळावर ओकुईंच्या सेक्रेटरीने त्यांच्या हातात एक पाकीट ठेवलं आणि ते विमानात बसल्यावर उघडायला सांगितलं. आत सूपचं प्रमाण लिहिलेलं होतं.

१५ सप्टेंबर १९६३. कोरियाचं पहिलं इन्स्टंट नूडल्स, सामयांग राम्यन, बाजारात आलं. केशरी पाकीट, आत कोंबडीच्या सूपची चव, वजन १०० ग्रॅम, किंमत १० वॉन. जपानी पाकीट ८५ ग्रॅमचं असायचं, इथे मुद्दाम वजन वाढवलं, कारण हे तोंड चाळवायला नव्हतं, जेवण म्हणून खायचं होतं. तेव्हा सेऊलमध्ये एक कप कॉफी ३५ वॉनला आणि किमचीचा रस्सा ३० वॉनला मिळायचा. म्हणजे चहाच्या टपरीवर जाण्यापेक्षाही कमी पैशात एकवेळचं पोट भरणार होतं.

आता असं वाटेल की लोकांच्या उड्या पडल्या असतील. अजिबात नाही.

कोरियन माणूस भात खाणारा. आपल्या कोकणातल्या माणसाला भाताऐवजी पाकिटातल्या शेवया खा म्हटलं तर तो जसा बघेल, तसंच तिथे झालं. त्यात नावाचा घोळ. ‘म्यन’ म्हणजे शेवया आणि ‘म्यन’ म्हणजे सुती कापडही. त्यामुळे हे काहीतरी कापड किंवा धागा असावा, असंच कित्येकांना वाटलं.

यावर जिऑन यांनी जाहिरातीच्या मोठ्या कल्पना लढवल्या नाहीत. कंपनीचे कर्मचारी आणि त्यांच्या घरचे लोक पातेली घेऊन रस्त्यावर उतरले. स्टेशन, बागा, थिएटरच्या बाहेर, जिथे गर्दी असेल तिथे राम्यन शिजवायचं आणि फुकट चाखायला द्यायचं. खा आणि मग ठरवा. आज जे काम रिव्ह्यू करणारे कॅमेऱ्यासमोर करतात, ते तेव्हा रस्त्यावरच्या अनोळखी माणसांनी केलं.

मदतीला सरकारचं धोरणही आलं. तांदूळ पुरत नव्हता आणि अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेतून गहू येत होता. हे नाव आपल्याकडच्या जुन्या माणसांनाही चांगलं माहीत आहे. रेशनच्या दुकानातला तो अमेरिकी गहू आपणही खाल्लाय. कोरियन सरकारने भातात इतर धान्य मिसळा, पिठाचे पदार्थ खा, अशी मोहीमच काढली. ठरावीक दिवशी हॉटेलात भात विकायला बंदी. शाळेत मास्तर मुलांचे डबे उघडून बघायचे, नुसता पांढरा भात तर नाही ना. अशा वेळी १० वॉनचं पाकीट घराघरांत गेलं नसतं तरच नवल.

चव मात्र अजून जपानीच होती, सौम्य. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी फोन करून आपल्या लोकांना तिखट लागतं, मिरची पूड घाला, असं सुचवल्याचा किस्सा सांगितला जातो. फोन आला असो वा नसो, सूप हळूहळू लाल होत गेलं, हे खरं.

१९६९ मध्ये सामयांगचं राम्यन व्हिएतनामला निर्यात झालं. १९७२ मध्ये जिऑन यांनी आपल्याच गांगवोन प्रांतात, देग्वालयाँगच्या थंड डोंगरावर, प्रचंड मोठं कुरण उभं केलं. लोकांच्या ताटात धान्य आलं, आता दूध आणि मांस यायला हवं, हा हिशोब. नूडल्सवाल्याने डोंगरावर गाई पाळायचं खूळ कशाला घ्यायचं, असं कुणालाही वाटलं असतं. आज तिथे पवनचक्क्या आहेत आणि पर्यटकांची गर्दी असते.

धंद्यात मात्र नोंगशिम ही कंपनी मागून येत होती. १९८५ च्या सुमारास ती पुढे गेली आणि १९८६ मध्ये तिचं शिन राम्यन आलं. हे झालं धंद्यातलं हरणं-जिंकणं. खरा घाव पुढे होता.

३ नोव्हेंबर १९८९. एका निनावी तक्रारीवरून सेऊलच्या सरकारी वकिलांनी सामयांगसह पाच कंपन्यांवर कारवाई केली. आरोप असा की नूडल्स तळायला औद्योगिक वापराची गाईची चरबी वापरली जाते. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडे हे वाचून पहिला प्रश्न गाईचा येईल. कोरियात तो प्रश्नच नव्हता, तिथे ती चरबी महाग आणि चवीला उत्तम मानली जायची, पाम तेलापेक्षा महाग. लोक हादरले ते ‘औद्योगिक’ या एका शब्दाने. अमेरिकेत ज्या प्रतीची चरबी थेट खाण्यासाठी विकत नसत, ती आणून, शुद्ध करून कोरियात वापरली जात होती. पण बातमीत शुद्धीकरण मागे पडलं आणि साबणाचं तेल पोरांना खाऊ घातलं, एवढंच उरलं.

पंधरवड्याच्या आतच सरकारच्या आरोग्य खात्याने हे नूडल्स आरोग्याला घातक नाहीत असं जाहीर केलं. ते ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. दुकानदारांनी पाकिटं परत पाठवली, कंपनीला ढिगाने माल नष्ट करावा लागला, जवळपास हजार कामगार गेले. उष्ट्या पेजेतलं थोटूक बघून धंदा सुरू करणाऱ्या माणसावर, तू लोकांना अखाद्य खायला घातलंस, असा ठपका बसला.

२०१५ मध्ये आपल्याकडे मॅगीवर बंदी आली होती, ते आठवत असेल. मुंबई उच्च न्यायालयाने ती दोन-अडीच महिन्यांत उठवली. जिऑन यांच्या कंपनीला उच्च न्यायालयातून निर्दोष ठरायला १९९५ उजाडलं आणि सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का बसायला ऑगस्ट १९९७. जवळपास आठ वर्षं. तोवर ग्राहक दुसऱ्या चवीला सरावले होते आणि सगळ्या उद्योगाने चरबी सोडून पाम तेल धरलं होतं. त्यात आशियाई आर्थिक संकट आलं. १९९८ मध्ये कर्जात बुडालेल्या सामयांगला न्यायालयाच्या देखरेखीखाली सावकारांशी तडजोड करावी लागली, त्यातून सुटायला २००५ उजाडलं.

२०१० मध्ये नव्वदीच्या जिऑन यांनी कारभार मुलाच्या हाती दिला. त्यांच्या सूनबाई किम जुंग-सू यांनी सेऊलमधल्या एका तिखट चिकनच्या हॉटेलात घाम पुसत खाणारी तरुण पोरं बघितली आणि तीच चव पाकिटात आणायचं ठरवलं. वर्षभर प्रयोग चालले. एप्रिल २०१२ मध्ये बुलडाक आलं. बुल म्हणजे आग, डाक म्हणजे कोंबडी. सुरुवातीला हे माणसाने खायचं आहे का, अशीच चर्चा झाली. मग २०१४ पासून यूट्यूबवर चॅलेंज सुरू झालं आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

त्याच वर्षी, १० जुलै २०१४ रोजी, जिऑन जुंग-युन वारले.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सामयांगने एक नवं पाकीट आणलं. त्यातल्या शेवया गाईची चरबी आणि पाम तेलाच्या मिश्रणात तळलेल्या आहेत. नाव ठेवलंय ‘सामयांग १९६३’. बाजारात आणायची तारीख होती ३ नोव्हेंबर.