कल्याणजी भगत

कल्याणजी भगत (मूळ आडनाव गाला) हे मुंबईतील 'वरळी मटका' या आकड्यांच्या जुगाराचे प्रवर्तक होत. कच्छमधील रताडिया गावाहून ते १९४१ साली मुंबईत आले. प्रारंभी त्यांनी मसाल्यांची फेरी केली, पुढे वरळीत किराणा दुकान चालविले. 'भगत' ही घराण्याला मिळालेली उपाधीच त्यांचे आडनाव म्हणून रूढ झाली.

कापसाचा आकडा

१९५० च्या दशकात न्यूयॉर्क कापूस बाजारातील उघडत्या व बंद होणाऱ्या भावांवर मुंबईत पैसे लावले जात. हे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कापूस बाजारात येत. जुगार इथला, आकडा मात्र सातासमुद्रापलीकडचा. त्यामुळे त्यात येथील कोणाला फेरफार करणे सोपे नव्हते. १९६१ मध्ये हे भाव येणे थांबले.

वरळी मटका

१९६२ साली कल्याणजींनी वरळीतील आपल्या विनोद महल या इमारतीच्या आवारात स्वतंत्र आकडा सुरू केला. मडक्यातून चिठ्ठी काढण्याच्या प्रथेवरून 'मटका' हे नाव पडले. पुढे चिठ्ठ्यांची जागा पत्त्यांनी घेतली. तीन पत्त्यांच्या बेरजेतील एकक स्थानचा अंक धरला जाई. २, ५ व ८ आल्यास बेरीज १५, आकडा ५. पहिला आकडा 'ओपन', दुसरा 'क्लोज' आणि दोन्ही मिळून 'जोडी'. एका आकड्यावर सामान्यतः रुपयास नऊ रुपये मिळत. जिंकण्याची शक्यता मात्र दहांत एक. म्हणजे दीर्घकाळात दर दहा रुपयांतील एक रुपया चालकाकडेच उरे. गिरणगावातील कामगार हा या खेळाचा मोठा आधार होता, हे लक्षात घेता हा साधा हिशेब महत्त्वाचा ठरतो.

आकडा परदेशातून गल्लीत आल्यावर विश्वासाचा सारा भार चालकावर आला. जुन्या कॅसिनोंची टोकने आज संग्राहक जपतात; मटक्यात बुकीने लिहून दिलेली कागदी चिठ्ठी हीच काय ती पावती, आणि ती जवळ बाळगणे म्हणजे पोलिसांच्या हाती पुरावा देणे. मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ खाली हा खेळ गुन्हा होता. शिवाय भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार शून्य ठरत असल्याने बुडालेल्या पैशासाठी न्यायालयात दाद मागता येत नसे. चालकाचे नाव हेच तारण होते.

१९६४ साली रतन खत्री यांनी 'न्यू वरळी मटका' सुरू केला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओस पडत गेल्या. कल्याणजींचे निधन १९९० च्या दशकाच्या प्रारंभी झाले; 'कल्याण' हे नाव मात्र त्यांच्या पश्चातही मटक्याला चिकटून राहिले.