सशाने दाखवलेली वाट

फ्रान्समध्ये सँ-झ्युलियँ नावाचे एक लहान गाव आहे. हा सारा भाग द्राक्षांच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. १२ जुलै १८१३ रोजी या गावातील एका मळेवाल्याच्या घरी क्लोद बेर्नार यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताचीच होती. त्यामुळे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना लियाँ शहरात एका औषधाच्या दुकानात उमेदवारी करावी लागली. फावल्या वेळात ते नाटके लिहीत. नाटककार होण्याच्या आशेने १८३४ साली ते पॅरिसला गेले. तेथे एका नामवंत समीक्षकाने त्यांचे नाटक वाचले आणि पोटापाण्यासाठी वैद्यकशास्त्र शिकण्याचा सल्ला दिला. बेर्नार यांनी तो मानला.

परीक्षांत ते कधी चमकले नाहीत. १८४४ साली अध्यापकपदाच्या स्पर्धेतही ते अपयशी ठरले. पण माझांदी या थोर शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत त्यांना मनासारखे काम मिळाले.

१८४६ साली एकदा बाजारातून काही ससे प्रयोगशाळेत आणले गेले. त्यांचे मूत्र स्वच्छ आणि आम्लधर्मी होते. गवत खाणाऱ्या प्राण्यांचे मूत्र गढूळ असते, मग असे का? दुसऱ्या कोणी याकडे दुर्लक्ष केले असते. बेर्नार विचार करू लागले. ससे उपाशी असावेत आणि स्वतःच्याच शरीरातील मांसावर जगत असावेत, असा त्यांनी तर्क केला. गवत घालताच मूत्र गढूळ झाले. उपाशी ठेवताच ते पुन्हा स्वच्छ झाले. मग त्यांनी सशांना उकडलेले मांस खाऊ घातले. तरीही मूत्र स्वच्छच राहिले. तर्क खरा ठरला.

नंतर त्या सशांचे आतडे तपासताना त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. पचलेली चरबी वाहून नेणाऱ्या बारीक नलिका दुधासारख्या पांढऱ्या दिसतात. कुत्र्यात त्या आतड्याच्या सुरुवातीलाच दिसतात. सशात मात्र त्या बऱ्याच खाली, सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर सुरू झाल्या होत्या. नेमक्या त्याच जागी सशाच्या स्वादुपिंडाची नळी आतड्यात उघडते. स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे असलेली ग्रंथी. उर्दूत आपण तिला लबलबा म्हणतो.

बेर्नार यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडातून पाझरणारा रस गोळा केला. तो तेलात मिसळून हलवताच दुधासारखे मिश्रण तयार झाले. चरबीचे पचन करण्यात या रसाचा मोठा वाटा आहे, हे त्यांनी सिद्ध केले. १८५६ साली या ग्रंथीवरील त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला.

या ज्ञानाची मोठी किंमत प्राण्यांनी मोजली. बेर्नार यांनी प्रयोग सुरू केले तेव्हा प्राण्यांना भूल देण्याची पद्धत नव्हती. मुक्या जिवांच्या वेदना त्यांच्या पत्नीला पाहवत नसत. मुलीही आईच्याच बाजूच्या होत्या. अखेर पती-पत्नी विभक्त झाले. बेर्नार यांना कीर्ती मिळाली, पण घर तुटले.

१० फेब्रुवारी १८७८ रोजी त्यांचे निधन झाले. फ्रान्सने त्यांना शासकीय इतमामाने निरोप दिला. असा मान त्यापूर्वी तेथे कोणत्याही शास्त्रज्ञाला मिळाला नव्हता.

आजही काही कुत्र्यांना, विशेषतः जर्मन शेफर्ड जातीच्या कुत्र्यांना, स्वादुपिंडाचा विकार होतो. पाचक रस पुरेसा तयार होत नाही. कुत्रा अधाशासारखा खातो, तरी दिवसेंदिवस वाळत जातो. न पचलेली चरबी विष्ठेतून बाहेर पडते. पशुवैद्य त्याच्या अन्नात पाचक विकरांची पूड मिसळायला सांगतात. मग बहुतेक कुत्रे पुन्हा अंग धरतात.

ज्या प्राण्यांनी हे ज्ञान दिले, त्यांच्याच जातीचे जीव आज त्याच ज्ञानामुळे वाचतात. बेर्नार यांची चौकस नजर आपण घ्यावी. त्यांच्या पत्नीच्या मनातील दयाही विसरू नये.