पाईप टाकण्याआधी गणित मांडणारा माणूस : व्लादिमीर शुखोव

रिफायनरीत पाईप असाच उचलून बसवत नाहीत. द्रव कोणता, किती दाट, किती गरम, कुठून कुठे जाणार, पाईपचा व्यास किती, पंप केवढा, हे सगळं आधी कागदावर ठरतं. फिटर त्यानंतर हात लावतो. तेलधंद्याला ही शिस्त लावणाऱ्यांतलं मोठं नाव म्हणजे रशियन इंजिनिअर व्लादिमीर शुखोव.

गोष्ट आहे १८७८ ची. बाकू तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. बालाखानीच्या विहिरींतलं तेल लाकडी पिंपांत भरून दोनचाकी गाड्यांतून कारखान्यांपर्यंत जायचं. हा खर्च डोईजड झाला, म्हणून नोबेल बंधूंनी (हो, पुरस्कारवाल्या आल्फ्रेडचेच थोरले भाऊ) पाईपलाईन टाकायचं ठरवलं. काम आलं २५ वर्षांच्या शुखोव यांच्याकडे. सुमारे १० किलोमीटर लांबीची, ३ इंची पाईपलाईन. रशियातली पहिलीच!

गाडीवाल्यांचं पोट त्या पिंपांवर होतं. त्यांचा विरोध इतका तीव्र होता की लाईनवर पहारा बसवावा लागला.

शुखोव यांचं खरं काम मात्र वहीत चाललं होतं. पाईप अरुंद घेतला तर लोखंड वाचतं, पण तेल ढकलायला पंपाला जास्त जोर लागतो. रुंद घेतला तर उलट. या दोन्हींची बेरीज सर्वांत कमी कुठे येते, ते त्यांनी सूत्रांत बसवलं. घट्ट मझुत गरम केलं की पाईपमधून वाहतं, हेही त्यांनी करून दाखवलं. टाक्यांचंही तसंच. तळाशी दाब जास्त म्हणून तिथला पत्रा जाड, वर जाल तसा पातळ. भपका काही नाही, पण लोखंड भरपूर वाचलं.

१८९१ मध्ये गाव्रिलोव्ह या सहकाऱ्यासोबत त्यांनी एक पेटंट घेतलं. जड तेल दाबाखाली, भट्टीतल्या नळ्यांमधून फिरवत तापवायचं, म्हणजे ते फुटून हलकं तेल मिळतं. यालाच क्रॅकिंग म्हणतात. पण तेव्हा मोटारी होत्या कुठे? पेट्रोलला गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे पेटंट कागदावरच राहिलं.

पुढे अमेरिकेत मोटारी वाढल्या, १९१३ मध्ये बर्टन यांना क्रॅकिंगचं पेटंट मिळालं आणि कंपन्यांमध्ये हक्कावरून भांडणं लागली. १९२३ मध्ये एका अमेरिकन तेल कंपनीची माणसं थेट मॉस्कोत शुखोव यांच्या दारात आली. प्रश्न एकच होता, हे आधी कोणी केलं? उत्तर त्या ३२ वर्षं जुन्या कागदात होतं.

मॉस्कोचा जाळीदार शाबोलोव्हका रेडिओ टॉवरही त्यांचाच. जगात त्यांचं नाव बहुतेकांना त्यामुळेच ठाऊक आहे. पण तेलातलं काम त्यांनी सोडलं नाही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बाकूत त्यांच्या पद्धतीचा क्रॅकिंग कारखाना उभा राहिला, तेव्हा ते पंचाहत्तरी ओलांडलेले होते. १९३९ मध्ये मेणबत्तीनं भाजून त्यांचा मृत्यू झाला.